एएस/४०० खरंच संपलंय का? पुण्याची ऑफर घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात इंजिनिअरिंग झालं, पुण्याच्या कंपनीकडून एएस/४०० वर, म्हणजे कंपन्यांचा कारभार चालवणाऱ्या आयबीएमच्या जुन्या सिस्टमवर, काम करायची ऑफर आलीय आणि मित्र म्हणतायत ते केव्हाच मेलंय, तर घेऊ का. मी ह्याच सिस्टमवर आरपीजी ह्या तिच्या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहून पोट भरतो, सध्या जुळे सोलापुरात घरी बसून, परदेशातल्या एका होलसेलवाल्यांचं काम, म्हणून सविस्तर लिहितोय.

मित्र म्हणतायत ते मशीन १९८८ चं, ते गेलंच. पण त्यावरची सिस्टम आयसिरीज, सिस्टम आय असं करत २००८ पासून आयबीएम आय झाली आणि आयबीएमच्याच पॉवर सर्व्हरवर चालते. तिचं व्हर्जन ७.३ आलं २०१६ ला, ७.४ २०१९ ला, ७.५ २०२२ ला, ७.६ २०२५ ला, आणि त्याच वर्षी पॉवर११ सर्व्हरही आले. गुंडाळायच्या मालावर कुणी दर तीन वर्षांनी एवढा खर्च करत नाही हो.

धंद्याचं म्हणाल तर आयबीएम ह्या सिस्टमची विक्री वेगळी दाखवतच नाही, सगळं इन्फ्रास्ट्रक्चरच्या आकड्यात मिसळलेलं असतं, त्यामुळे कुणी छातीठोक आकडा सांगितला तर लगेच विश्वास ठेवू नका. माझं मत असं की हे आमच्या सोलापूरच्या बाजारातल्या, चाटी गल्लीतल्या जुन्या पेढीसारखं आहे, नवं गिऱ्हाईक क्वचित येतं पण जुनं सुटत नाही. का सुटत नाही ते रोज बघतो. आमच्या क्लायंटकडं ऑर्डरला स्टॉक लावणारा एक प्रोग्राम आहे, त्याची कंपाईलची तारीख १९९७ ची दिसते, मधे कितीतरी मशीन बदलली पण तो तसाच चालतोय, कारण प्रोग्राम आणि प्रोसेसरच्या मधे एक थर आहे, खालचं हार्डवेअर बदललं तरी वरच्या कोडला हात लावावा लागत नाही. डीबी२ हा आयबीएमचा डेटाबेस सिस्टममधेच आहे, वेगळा घ्यायचा नाही, सांभाळायला माणसंही थोडी लागतात. अशा ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांचे धंद्याचे नियम कोडमधे मुरलेले असतात, ते दुसरीकडं न्यायचं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम आणि बरेच जण मधेच सोडून देतात.

पण सगळं छान आहे असं नाही. २०२२ पासून लायसन्स कायमचं विकत घ्यायच्या ऐवजी मुदतीचे पैसे भरायचं सबस्क्रिप्शन सुरू झालं, छोट्या गिऱ्हाइकांना ते जड जातंय, त्यातले काही जातीलही. आणि खरा धोका मला माणसांचा वाटतो, आमच्या कॉलवरचे तिकडचे सीनियर एकेक करून रिटायर होतायत आणि कॉलेजात हे फारसं कुणी शिकवत नाही, मग मॅनेजमेंटला वाटतं माणूसच मिळत नाही तर सिस्टमच बदलू. तुमच्यासारख्यांना जागा आहे ती ह्याच्यामुळेच.

म्हणून माझं उत्तर, घ्या. फक्त हिरव्या अक्षरांच्या जुन्या स्क्रीनवर, कोडचा प्रत्येक भाग ठरलेल्या कॉलममधेच बसवत लिहायचं जुनं आरपीजी एवढंच शिकून थांबू नका, ते वाचता यायलाच पाहिजे कारण निम्मं काम तेच असतं, पण लिहायचं ते फ्री फॉरमॅटमधे, म्हणजे कॉलमचं बंधन नसलेल्या नव्या पद्धतीनं, व्हीएस कोड हा एडिटर वापरून, आणि डेटाबेसची भाषा एसक्यूएल पक्कं करा, ते उद्या कुठंही चालतं. पब४०० ह्या सगळ्यांसाठी खुल्या आयबीएम आय सर्व्हरवर फुकट अकाउंट मिळतं, जॉइन व्हायच्या आधीच हात बसवून घ्या.

आणि ऑफर साइन करायच्या आधी एचआरला नाही, टेक्निकल राउंड घेणाऱ्याला विचारा की क्लायंट कुठल्या व्हर्जनवर आहे. ७.५ किंवा ७.६ म्हणाला तर क्लायंट अजून ह्यात पैसे घालतोय. ७.१ किंवा ७.२ वर अडकलाय म्हणाला तर तो एकतर बाहेर पडायच्या तयारीत आहे नाहीतर खर्च टाळतोय, मग सरळ विचारा की दुसरा प्रोजेक्ट मिळेल का.