२० लिटर बिअरला यीस्ट किती घालायचं, आणि सडक्या अंड्यासारखा वास का येतो?

एल, म्हणजे जरा उबेत आंबणारी बिअर, असेल तर २० लिटरला सुक्या यीस्टचं ११ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरला दुप्पट, कारण ती थंडीत रेंगाळत आंबते. बेकरीवालं यीस्ट घालू नका, ते पावालाच बरं.

अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो यीस्टच सोडतं, लागरचं तर जास्तच. यीस्ट कमी पडलं किंवा उपाशी राहिलं की वास वाढतो. बहुतेकदा बुडबुड्यांबरोबर तो निघून जातो, तेव्हा घाईनं ओतून देऊ नका. आणि सारखं झाकण काढून हुंगू नका की!

बेळगावात खरी अडचण एप्रिल-मेची. पारा पस्तिशीपार गेला की तापलेलं यीस्ट नेलपॉलिशसारखा वास सोडतं, तो मात्र सहसा जात नाही. पिंप पाण्याच्या टबात ठेवा, भोवती ओला टॉवेल गुंडाळा. एलला १८ ते २० अंश बास. दवाखान्यासारखा वास आला तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर संशय घ्या.

आणि हो, कर्नाटक अबकारी कायदा, १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे. चंदगडला पाव्हण्यांकडे पिंप नेलं तर तिथं महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहेच.