'घरची परिस्थिती' या रकान्यात काय लिहायचं?

अनेक आशीर्वाद.

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या घरची चौकशी करून आपण जो अहवाल लिहितो, तो तुझा पहिलाच वाचला. सोळा वर्षांचा मुलगा, मोबाइल हिसकावताना पकडलेला. 'घरची परिस्थिती'पुढे तू लिहिलंस 'गरिबी' आणि 'गुन्ह्याचं कारण' यापुढेही 'गरिबी'. त्याच घरात त्याच्या दोन बहिणी आणि थोरला भाऊ वाढले, हेही तूच वर नोंदवलं आहेस. मग त्यांच्या हातून असं का नाही घडलं? तो प्रश्न अहवालात कुठे दिसला नाही, म्हणून हे पत्र.

गरिबीचा संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. लंडनमधल्या ४११ मुलग्यांचा १९६१पासून जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात पुढे शिक्षा झालेल्यांमध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतले मुलगे जास्त निघाले. पण घरच्यांचं लक्ष नसणं, आज मार तर उद्या माफी अशी शिस्त, आईबापांची सततची भांडणं हेही त्याच यादीत होतं. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ग्लूक या संशोधक दांपत्याने गरीब वस्त्यांतल्याच मुलांची तुलना केली होती, गुन्हे केलेले ५०० आणि न केलेले ५००. सॅम्पसन आणि लॉब या अभ्यासकांनी पुढे १९९३मध्ये ती जुनी माहिती नव्याने तपासली, तेव्हा गरिबीचा परिणाम बराचसा घरातल्या वागण्यातूनच मुलांपर्यंत पोचलेला दिसला.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो अमेरिकेतल्याच उत्तर कॅरोलायना राज्यातला अनुभव. तिथे मुलांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास चालू असतानाच चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. कोणी अर्ज केला नव्हता, कोणाची निवड झाली नव्हती. जी कुटुंबं त्या पैशाने गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांचा आडदांडपणा चार वर्षांत कधीच गरीब नसलेल्या मुलांइतका खाली आला. चिंता आणि उदासी मात्र होती तशीच राहिली. कारण शोधलं तर आईवडिलांना मुलांकडे बघायला उसंत मिळाली होती. दोन पाळ्या करून आलेल्या बाईला 'मुलाकडे लक्ष नाही' म्हणताना हे आठव. ('संस्कार कमी पडले' हे वाक्य तर अहवालात कधीही लिहू नकोस. त्यातून कोणालाच काही कळत नाही आणि आईचा अपमान तेवढा होतो.)

आता दुसरी बाजू. श्रीमंत घरचं प्रकरण आपल्या टेबलापर्यंत सहसा येतच नाही, आधीच मिटतं. एकदा आलं होतं. मुलाने भरधाव गाडी घालून एकाला जखमी केलं होतं. वडील खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "किती भरायचे?" मुलगा बाहीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता. वडिलांना बाहेर पाठवून मी विचारलं, "हे तू पहिल्यांदा कोणाला सांगितलंस?" बराच वेळ गेला. मग म्हणाला, "ड्रायव्हरकाकांना."

त्या घरात पैसा होता, मोठी माणसं होती, मुलाच्या फोनवर तो कुठे आहे हे दाखवणारी सोयही होती. मार्गारेट केर आणि होकन स्टॅटिन या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २०००मध्ये मांडलं ते हेच. आईवडिलांना मुलाबद्दल जे माहीत असतं, ते मुख्यतः मूल आपणहून सांगतं म्हणून. पाळत ठेवून, खोदून विचारून फारसं हाती लागत नाही. आणि मूल सांगतं कधी? सांगितल्यावर काय होईल याची भीती नसते तेव्हा. उपाशीपोटी, कर्जाच्या तगाद्यात तसं घर ठेवणं फार अवघड जातं. भरल्या घरात तितकं अवघड नसतं, तरी पुष्कळ जण ठेवत नाहीत.

तेव्हा त्या मुलाला पुन्हा भेट. आईला आत्ता बोलावू नकोस, तिचा दिवसाचा रोज बुडेल. तिची सुट्टी कधी असते ते विचारून घे. मुलाशी एकट्याशी बोल. कागद बाजूला ठेव. घरी परतायला उशीर झाला की कोण जागं असतं, काही बिघडलं तर पहिल्यांदा कोणाला सांगावंसं वाटतं, एवढंच विचार. उत्तर यायला वेळ लागेल, मध्ये बोलू नकोस. थोरल्या भावालाही गाठ. त्याला त्या वयात कोणी धरून ठेवलं, ते तोच सांगू शकेल.

'कारण' हा रकाना तोवर कोरा राहू दे. वरिष्ठांनी विचारलं तर माझं नाव सांग.

भेट झाली की लगेच लिही.