कण्हेरीच्या पाल्याचं खत भाजीला चालेल का?

प्रश्न : घराभोवतीचं कण्हेरीचं कुंपण छाटलं की तीन पोती पाला निघतो. कण्हेर विषारी, म्हणून आजवर तो फेकत आलो. त्याचं कंपोस्ट वांगी, मेथीला घातलं तर विष भाजीत उतरेल का? डिफेनबेकिया (मोठ्या ठिपकेदार पानांचं शोभेचं झाड) आणि धोतऱ्याचं काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पूर्ण कुजलेलं असेल तर बेलाशक घाला. कण्हेरीतलं ओलिएंड्रिन हे विष जिवाणू आणि बुरशी तोडून टाकतात. कॅलिफोर्नियात झालेल्या चाचणीत कंपोस्टमध्ये ते सुमारे 50 दिवसांत जवळजवळ संपलं होतं. मात्र पाला नुसता वाळवून हे साधत नाही. वाळलेलं पानही शेळी-गाईचा जीव घेऊ शकतं, म्हणून ढिगाला जाळी हवीच. आणि पाला जाळू तर मुळीच नका, धूरही बाधतो.

हातमोजे घालून पाला दोन-तीन इंचांचा कापा. पान चिवट, वर मेणाचा थर; अख्खं टाकलं तर महिनोन् महिने तसंच राहतं. अंगठ्याहून जाड फांद्या वेगळ्या काढा. एक भाग हिरवा पाला, दोन भाग सुका पालापाचोळा, असे थर द्या. दर थरावर शेणकाला शिंपडा (10 लिटर पाण्यात 2 किलो ताजं शेण). ढीग लांबी-रुंदी-उंचीला किमान तीन फूट हवा, त्याहून लहान ढीग तापत नाही. मूठभर माल दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. चार-पाच दिवसांत आत खुपसलेली लोखंडी सळई हातात धरवत नाही, इतकी तापली पाहिजे. नाही तापली तर शेण किंवा ओल कमी पडली. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालं, सुका पाला मिसळा.

आठवड्याला ढीग उलथा, बाहेरचा माल आत घाला. लोक नेमका इथे कंटाळा करतात आणि कडेची पानं कच्ची राहतात. एकूण चार महिने धरा, शेवटचा महिना नुसता मुरण्यासाठी. मग चाळा, ओळखू येणारं पान दिसलं तर पुढच्या ढिगात. बाल्कनीतल्या ड्रममध्ये उष्णता धरत नाही, तिथे कण्हेर घालूच नये.

डिफेनबेकियाचा त्रास त्यातल्या ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा. त्या सुया मुळांतून भाजीत चढत नाहीत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. खोडाचे तुकडे ढिगात फुटतात, आधी उन्हात पार सुकवा.

धोतऱ्याचं खरं भय बियांचं. बी ढिगातून वाचलं तर माठ-पालकाच्या वाफ्यात उगवतं आणि रोप भाजीबरोबर खुडलं जातं. बोंडं आधी तोडून पिशवीत बांधून कचरागाडीत द्या.

पहिलं वर्ष हे खत वांगी, दोडका, भेंडीला घाला: चौरस मीटरला 2 ते 3 किलो, लावणीआधी पंधरा दिवस, मातीत मिसळून. मेथीला नंतर. कुंडीत मूग पेरून खताची परीक्षा करतात, त्यातून ते मुरलंय का एवढंच कळतं. विष गेलं की नाही, हे मूग सांगत नाही.