वाडी गावाला खुली केली, आता पुढे काय?

प्रश्न : ताई, आमची नारळी-पोफळीची वाडी आजेसासऱ्यांच्याही आधीपासूनची. २०२०च्या निसर्ग वादळात बऱ्याच पोफळी मोडल्या. मुलं मुंबईला. आम्ही भावकीच्या संमतीने वाडी गावासाठी खुली केली. लोक येतात, विहिरीवरच्या जुन्या रहाटापाशी फोटो काढतात आणि जातात. मोकळ्या जागेत हिरवळ लावून बाक टाका, असं काही जण सुचवतात. टाकावेत का?
— एक वाचक भगिनी, श्रीवर्धन

उत्तर : वहिनी, बाक हवे तर दोन टाका, पण हिरवळ अजिबात नको. वाडी ही राबती जागा. माणसाचा तिथे हात लागला की तो आपणहून परत येतो. तेव्हा गावातल्या घरांना वाफे द्या. ज्यांना अंगण-परसू नाही त्यांना आधी.

नारळाखाली काय होणार, असं कुणी म्हणेल. माड साधारण आठ ते पंचवीस वर्षांचा असतो तेव्हा सावली दाट पडते. तुमचे माड जुने, उंच गेलेले. त्यांच्याखाली ऊन चांगलं झिरपतं. हळद, सुरण, अळू, आलं तिथे छान येतं. खोडावर मिरीचे वेल चढवा. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात माडांमध्ये जायफळ, दालचिनी, मिरी लावलेली लाखीबाग आहे. गावातल्या चार उत्साही मंडळींना घेऊन ती एकदा बघून या.

पोफळींकडे मात्र आधी लक्ष द्या. वादळाने आडोसा गेला की उरलेल्या झाडांच्या खोडांना पश्चिमेकडचं ऊन लागतं, साल भाजते, पुढे झाड तिथेच मोडतं. त्या बाजूने खोडांना झावळ्या बांधा आणि मोकळ्या जागी केळी लावा. नवी रोपं त्याच सावलीत वाढवा, आणि ती तुमच्याच जुन्या झाडांची. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाहेरच्या रोपांसाठी घालवू नका. पूर्ण पिकलेली सुपारी, देठाची बाजू वर ठेवून, वाळूत लावायची. दीड-दोन महिन्यांत कोंब दिसतो. हे काम शाळेतल्या मुलांकडे सोपवा. फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, म्हणजे आज पाचवीत असलेलं पोर कॉलेजला जाईपर्यंत त्याचं झाड उभं असेल.

वादळात पडलेली माडाची खोडं अजून कुजत असतील तर ती आधी हलवा. गेंड्या भुंगा अशा कुजक्या खोडांत आणि शेणखताच्या ढिगात अंडी घालतो आणि मग माडाचा कोवळा शेंडा पोखरतो.

आता रहाट. तो फिरता करायला सुतार मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तरी पाट वाहता ठेवा. पंपाचं पाणी पाइपने थेट झाडाला न देता आठवड्यातून एकदा पाटात सोडा आणि वाफे पाटाच्या कडेनेच आखा. शिपणं, म्हणजे वाडीला पाणी देणं, कसं चालतं हे सांगून कळत नाही. खोऱ्याने चिखलाचा एक गोळा उचलला की पाणी झाडाभोवतीच्या आळ्यात वळतं, आळं भरलं की तोच गोळा परत दाबायचा आणि पुढच्या आळ्याकडे जायचं. माझं लहानपण गुहागरला आमच्या वाडीत हेच करण्यात गेलं. मुलांच्या हातात खोरं द्या. रहाटाचा फोटो काढणारेही पाय भिजवायला उतरतील.

माणसांची ये-जा वाढली की माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली वेळच्या वेळी यायलाच हवा. सुके नारळ आणि लोंबत्या झावळ्या डोक्यावर ठेवून वाडी खुली ठेवू नका. विहिरीला कठडा नसेल तर आधी तो.

भावकीत कुणाला वाफा दिला म्हणजे कूळ लागेल अशी धास्ती असणार. १ एप्रिल १९५७ला कसणाऱ्या कुळांना जमिनीची मालकी मिळाली, ते कोकणातली घरं विसरलेली नाहीत. म्हणून वाफे तोंडी देऊ नका. तालुक्याच्या वकिलाकडून साधा लेखी करार करून घ्या, सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्यांसह.

सुरुवात पाऊस सरल्यावर करा. जमिनीतल्या ओलीवर वाल टाका. पाटाकडेला मुळा, लाल माठ. महिन्याभरात माठ खुडायला येतो आणि पहिल्या जुड्या घरोघर जातात. हळद-सुरणाचे वाफे मे अखेरीस आखा, तोवर कोण नेमाने येतंय ते तुम्हाला कळलेलं असेल.