ऑनर्स कॅल्क्युलस सोडून देऊ का?

प्रश्न: ताई, मी नाशिकची, बारावीनंतर मिशिगनला इंजिनिअरिंगला आलेय. बारावीला मॅथ्समध्ये 97 होते म्हणून जोशात दुसऱ्या सेमिस्टरला ऑनर्स कॅल्क्युलस टू घेतलं आणि पहिल्या मिडटर्मला 100 पैकी 46! घरी अजून सांगितलेलं नाही. इंटिग्रेशन मला वर्गात सगळ्यात फास्ट येतं पण ते कुणी विचारतच नाही, सगळं प्रूफ प्रूफ. ड्रॉप करून साधं कॅल्क टू घेऊ का?

उत्तर: अगं, आधी सांग वर्गाचा मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या मुलाचे मार्क, किती होता? तेच नाही लिहिलंस. ऑनर्सच्या पेपरला मीडियन पन्नाशीत असणं काही नवल नाही, आणि शेवटी ग्रेड बहुतेक वेळा कर्व्हवर, म्हणजे बाकी वर्गाच्या तुलनेत, ठरते, तेव्हा नुसत्या 46 वरून काहीच कळत नाही.

तुझं खरं दुखणं शेवटच्या वाक्यात आहे. बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स हे आपण बारावीत घोटून घोटून केलेलं असतं, तिथे ते काही आठवड्यांत संपतं आणि मग सिक्वेन्स-सिरीज, म्हणजे न संपणाऱ्या याद्या आणि त्यांच्या बेरजा, सुरू होतात. साध्या वर्गात विचारतात बेरीज कुठे थांबते का हे बघायला कुठली टेस्ट लावायची, ऑनर्समध्ये विचारतात ती टेस्ट खरी का. मी बरीच वर्षं फर्स्ट इयरला शिकवलंय, 95 च्या वरची पोरंच इथे जास्त अडखळतात, कारण वेगाची सवय झालेली असते.

एक गंमत करून बघ. 1 + 1/2 + 1/3 + 1/4 असं मिळवत जा. पदं शून्याकडे चाललीत म्हणजे बेरीज कुठेतरी थांबणार असं वाटतं ना? 10 च्या पुढे जायलाच 12,367 पदं लागतात, कॅल्क्युलेटर बिचारा काय सांगणार. आता बघ, 1/3 आणि 1/4 दोन्ही कमीत कमी 1/4, म्हणजे मिळून अर्ध्याच्या वर. पुढची चार, 1/5 ते 1/8, प्रत्येक कमीत कमी 1/8, परत अर्ध्याच्या वर. पुढची आठ, परत तेच. अर्धे संपतच नाहीत, म्हणून बेरीजही थांबत नाही! हे चौदाव्या शतकात ओरेम नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवलं, फॉर्म्युला एकही नाही.

हे वाचून मजा आली तर थांब. "बरं मग?" असं वाटलं तर खुशाल साधं कॅल्क टू घे, त्यात कमीपणा काही नाही, इंजिनिअरिंगला तेवढं बहुतेक ठिकाणी पुरतं.

थांबलीस तर डेफिनिशन्स पाठ कर, हो, चक्क पाठ. एप्सिलॉन, म्हणजे उत्तराच्या किती जवळ जायचं ते, समोरचा देणार, तो कितीही चिंधी असो, आणि मग एन, म्हणजे कितव्या पदापासून तेवढं जवळ राहतो ते, तू शोधून द्यायचा, हा क्रम उलटा झाला की प्रूफ गेलं. आणि ऑफिस अवर्सना जात जा गं! आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये ढ पोरंच जातात असा समज असतो, तिथे उलट आहे. पण "समजत नाही" म्हणून जाऊ नकोस, अर्धवट लिहिलेलं प्रूफ घेऊन जा आणि इथून पुढे अडलंय म्हणून बोट ठेव.

सोडायचंच ठरवलंस तरी रात्री दोनला रडत रडत ड्रॉपचं बटण दाबू नकोस. एफ-वन व्हिसावर सेमिस्टरला साधारण 12 क्रेडिट्स लागतातच, त्याच्या खाली गेलीस तर भलतंच लफडं, म्हणून आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार. उशिरा सोडलं तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे विषय मध्येच सोडल्याची खूण, येतो. ॲडव्हायजरला हेही विचार की मधूनच साध्या सेक्शनला बदलून मिळतं का, काही ठिकाणी मिळतं.

आणि घरी सांगून टाक. फक्त मीडियन आधी सांग आणि 46 नंतर. न संपणाऱ्या काही बेरजांमध्ये क्रम बदलला की बेरीज बदलू शकते, हे तुला त्या वर्गात शिकवतीलच.