पीएस-टूच्या डिस्क, पावसाळा आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी सहज एका ओळीत लिहिलं होतं की जुन्या गेमच्या डिस्क घरात असतील तर पुढच्या पावसाआधी त्यांची कॉपी काढून ठेवा, आणि त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं पान पीएस-टूलाच, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन-टू या टीव्हीला लावून खेळायच्या मशीनलाच दिलंय. सगळी घेता आली नाहीत, चार घेतली.

म्हापशाहून एक वाचक: दादा, आमच्याकडे जाडा वाला पीएस-टू आहे, बाबांनी २००५ साली दुबईहून आणलेला. चवथीला सगळी भावंडं जमतात म्हणून बाहेर काढला तर सॅन अँड्रियास आणि अजून पाच-सहा डिस्कवर पांढरे ठिपके, दोन तर मध्येच अडकतात. धुतल्या तर चालेल का? आणि कॉपी कशी काढायची, माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नाही.

पांढरे ठिपके म्हणजे बहुतेक बुरशी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना लागते, पुस्तकांना लागते, तशी डिस्कलाही लागते. कोमट पाणी आणि एक थेंब भांड्यांचा लिक्विड सोप घ्या आणि बोटाने हलक्या हाताने मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ पुसत या, गोल गोल अजिबात नको, कारण गोल ओरखडा डेटाच्या रेषेबरोबरच जातो आणि लेन्सला तो ओलांडता येत नाही. मग मऊ कापडाने टिपून सुकवा.

आता डिस्क उजेडाकडे धरून बघा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली, उजेड आरपार आला, तर ती बुरशी नाही, आतला ॲल्युमिनियमचा थर गेलाय आणि तो धुवून परत येत नाही. खालची बाजू निळी आहे त्या डिस्क सीडी असतात, त्या जास्त सांभाळा, कारण सीडीत डेटाचा थर वरच्या छापील चित्राच्या लगेच खाली असतो, वरून नखाचा ओरखडा गेला तरी काम संपलं. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधोमध असतो म्हणून ती जरा टिकते. म्हणजे आधी निळ्या डिस्कची कॉपी काढा, सॅन अँड्रियास दोन दिवस थांबू शकतो.

कॉपीसाठी यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या किंवा शेजारच्यांचा मागून आणा. पीएस-टूची डिस्क साध्या पीसी ड्राइव्हमध्ये वाचली जाते, वेगळं काही लागत नाही. विंडोजवर इमेजबर्न फुकट मिळतं, त्यात डिस्कवरून इमेज फाइल (आख्ख्या डिस्कची फाइलमधली हुबेहूब प्रत) बनवायचा पर्याय घ्यायचा, डीव्हीडीची आयएसओ होते आणि सीडीची बिन आणि क्यू अशी जोडी. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीपर्यंत, दोन थरांची ८.५ जीबीपर्यंत (गॉड ऑफ वॉर टू तसली आहे), तेवढी जागा मोकळी ठेवा.

एक गोष्ट मात्र टाळू नका, कॉपी दोनदा काढा आणि दोन्ही फाइलींचा एमडी-फाइव्ह (फाइलमधल्या डेटावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा छोटा कोड, अशा कोडला हॅश म्हणतात) काढून जुळवा. दोन्ही सारखे आले तर डिस्क नीट वाचली गेली म्हणायला हरकत नाही, वेगळे आले तर कुठेतरी वाचताना चूक झाली, परत पुसा, दुसऱ्या कोणाचा ड्राइव्ह मिळाला तर त्यात लावून बघा, एका ड्राइव्हला न वाचणारी डिस्क दुसऱ्यात गपचूप वाचली गेलेली मी कितीतरी वेळा पाहिलीय. रीडंप म्हणून एक प्रकल्प आहे तिथे गेमांचे बरोबर हॅश नोंदवलेले असतात, त्याच्याशी जुळला तर मग शंकाच नको.

वास्कोहून एक आई: माझे मिस्टर बोटीवर असतात, त्यांनी आणलेला बारीक पीएस-टू आहे. डिस्क फिरते पण गेम लागत नाही. दुकानवाला म्हणतो चिप बसवा मग पेनड्राइव्हवरून चालेल. मुलगा मागे लागलाय, बसवू का?

ताई, चिप नको. पेनड्राइव्हवरून खेळायला पीएस-टू उघडावाच लागत नाही, सोल्डरिंग तर नाहीच. फ्री मॅकबूट नावाचा प्रोग्राम आहे, तो ८ एमबीच्या मेमरी कार्डवर बसतो. पीएस-टू चालू होताना स्वतःसाठी काही अपडेट आहे का ते मेमरी कार्डवर बघतो, ही सोय मुळात कंपनीनेच ठेवलेली, फ्री मॅकबूट त्याच दारातून आत शिरतो. कार्ड काढलं की मशीन जसं होतं तसंच.

आधी मशीन उलटं करून स्टिकर वाचा. तिथे एससीपीएच आणि पुढे आकडा असतो. ७०००० च्या पुढचे बारीक मॉडेल, त्यात ९०००० च्या आतले बहुतेक सगळे फ्री मॅकबूट घेतात. ९०००० वाल्यांमध्ये शेवटी शेवटी बायोस (मशीन सुरू करणारा आतला मूळ प्रोग्राम) बदलला, २.३० चा आला, त्यावर हे चालत नाही. तुमचा तसला असला तरी २०२० साली फ्री डीव्हीडी बूट म्हणून दुसरी वाट निघाली, मशीनमधल्या डीव्हीडी प्लेयरच्या चुकीचा फायदा घेऊन ती कोऱ्या डीव्हीडीवर लिहिलेल्या डिस्कवरून सुरू होते. पण तुमची लेन्सच थकलेली दिसतेय, मग लिहिलेली डिस्क ती वाचेलच असं नाही, म्हणून ओळखीत कोणाकडे तयार कार्ड असेल तर त्यांच्याकडून तुमच्या कार्डवर घालून घ्या, ते सगळ्यात सोपं. एकदम स्वस्तातली नकली कार्डं यात दगा देतात.

मग ओपन पीएस-टू लोडर, सगळे ओपीएल म्हणतात, त्यातून पेनड्राइव्हवरचा गेम लागतो. पेनड्राइव्हवर डीव्हीडी (इंग्रजीत DVD) नावाचा फोल्डर करायचा, त्यात आयएसओ टाकायची. जुन्या ओपीएलला पेनड्राइव्ह फॅट-थर्टीटू प्रकारात फॉरमॅट केलेला लागायचा आणि त्यात ४ जीबीच्या वरची फाइल मावत नाही म्हणून तुकडे करावे लागायचे, नवीन ओपीएल एक्सफॅट हा दुसरा प्रकारही वाचतो म्हणून ती कटकट गेली. मुलाला एक आधीच सांगून ठेवा नाहीतर तो म्हणेल बिघडलं, की गेममधले व्हिडिओ अडखळतील. पीएस-टूचं यूएसबी जुनं १.१ आहे, सेकंदाला कागदावर १.५ एमबी, आणि त्याचा स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह ५ एमबीच्या वर वाचतो, मग जो गेम डिस्कवरून सतत व्हिडिओ ओढतो तो पेनड्राइव्हवर धापा टाकणारच. तुमच्या बारीक मॉडेलला नेटवर्कची केबल लागते, घरात जुना पीसी असेल तर त्या केबलवरून गेम चालवता येतो, तो बराच बरा चालतो. (म्हापशाच्या वाचकांनो, तुमचा जाडा ३०००० ते ५०००० मधला असेल तर मागच्या खणात नेटवर्क ॲडॅप्टर लावून सरळ हार्ड डिस्क बसते, तो सगळ्यात चांगला मार्ग, आणि लेन्सलाही आराम.)

आणि ताई, कुठल्याही दुकानात मशीन द्यायच्या आधी मेमरी कार्ड काढून घरी ठेवा. हे मी पोटतिडकीने सांगतोय. मी माझा पीएस-टू एकदा लेन्स बदलायला दिला, कार्ड स्लॉटमध्येच राहिलं, परत आला तेव्हा लेन्स नवी आणि कार्ड कोरं, त्यांनी टेस्ट करताना फॉरमॅट केलं होतं. त्यावर माझ्या धाकट्या भावाचे चार वर्षांचे सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचला त्याच्या नोंदी होत्या, तो तेव्हा पहिल्यांदाच तारवावर गेला होता, मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. गेमची कॉपी परत मिळू शकते, सेव्हची नाही. फ्री मॅकबूटबरोबर यूलाँचएल्फ येतं, त्यात मेमरी कार्डवरचा फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर पीएसयू फाइल म्हणून ठेवता येतो, दोन मिनिटांचं काम. कार्ड तयार झालं की पहिलं हे करा.

फोंड्याहून एक वाचक: हे सगळं कायद्यात बसतं का? आमच्याकडे बाजारात गेम भरलेली हार्ड डिस्क मिळते, ती घेतली तर?

मी वकील नाही, पण कायद्यात लिहिलेलं आहे ते सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये, पोटकलम १ च्या एए मध्ये, कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला हरवणं, नष्ट होणं, खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढायची मुभा आहे. २०१२ साली ६५ए आलं, ते कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल आहे, पण हक्क मोडायच्या हेतूने तोडलं तर, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे तुमच्या डिस्कची तुमच्यासाठी कॉपी ही एक गोष्ट आणि भरलेली हार्ड डिस्क ही पूर्ण वेगळी गोष्ट, त्यातल्या एकाही गेमची डिस्क तुमच्याकडे नाही आणि विकणाऱ्याला तर कलम ६३ लागतं, सहा महिने ते तीन वर्षं. घेऊ नका. शिवाय त्यातल्या फाइली कोणी कधी वाचल्या, अर्धवट आहेत की काय, काही पत्ता नसतो.

साखळीहून एक विद्यार्थी: मी बारावीत आहे. माझ्याकडे हनुमान बॉय वॉरियर आणि देसी अड्डा दोन्हीच्या ओरिजिनल डिस्क आहेत. मला देसी अड्डाचे मेनू मराठीत करायचे आहेत, आजीला वाचता यावेत म्हणून. जमेल का?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हे दोन्ही गेम २००९ चे, दोन्ही हैदराबादच्या कंपन्यांनी पीएस-टूसाठी केलेले, एकात आपला मारुती आणि दुसऱ्यात कबड्डी, विटीदांडू. जपानी, अमेरिकन गेम सांभाळणारे जगभर हजारो लोक आहेत, या डिस्क आपण नाही सांभाळल्या तर दुसरं कोण सांभाळणार? म्हणून तू आधी वर सांगितलंय तसं दोन्हींच्या कॉपी काढ, हॅश एका वहीत लिहून ठेव, आणि ती मूळ आयएसओ परत कधी उघडू नकोस. काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर.

आता मराठीचं. अडचण शब्दांची नाही, अक्षरांची आहे. बहुतेक जुन्या गेममध्ये फॉन्ट म्हणजे एक चित्र असतं, चौकटी पाडलेल्या आणि एकेका चौकटीत एकेक इंग्रजी अक्षर, गेमला फक्त अमुक नंबरची चौकट उचल आणि पुढे ठेव एवढंच येतं. आपली लिपी तशी चालतच नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी क च्या आधी काढायची, ‘कु’ चा उकार खाली लटकतो, ‘क्ष’, ‘त्र’, ‘श्र’ तर स्वतंत्रच आकार, आणि ‘र्म’ चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. गेमला हे काहीच कळत नाही. मग करायचं असं की तुझ्या मेनूत जेवढी जोडून झालेली अक्षरं खरोखर लागतात तेवढीच शोध, ‘खे’, ‘ळ’, ‘सु’, ‘रू’ अशी, आणि प्रत्येक आख्खं एका चौकटीत बसव. ‘खेळ सुरू करा’, ‘थांबा’, ‘परत’, ‘बाहेर’, ‘आवाज’ एवढ्या शब्दांना मिळून वीसच्या आत चौकटी लागतात, मोजून बघ.

पण त्याही आधी सोपी वाट आहे. मेनूची बटणं बऱ्याचदा फॉन्टमधून येतच नाहीत, सरळ चित्रं असतात. पीएस-टूवर चित्रांचा नेहमीचा प्रकार टिम-टू, फाइलच्या सुरुवातीला टीआयएमटू (TIM2) अशी चार अक्षरं असतात, हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) ती शोध. मिळाली तर चित्र बाहेर काढ, त्यावर मराठी लिही, परत आत घाल, तिथे वेलांटी-रफार कशाचीच भानगड नाही. दोनच नियम पाळ, चित्राची लांबीरुंदी आणि रंगांची संख्या आधी होती तेवढीच, आणि फाइलचा आकार एका बाइटनेही वाढता कामा नये, कारण गेमने आपल्या फाइली डिस्कवर कुठे आहेत त्याच्या जागा पाठ केलेल्या असू शकतात, एक फाइल फुगली की मागच्या सगळ्या सरकतात आणि काळा स्क्रीन येतो. प्रत्येक वेळी एकच चित्र बदल आणि पीसीएसएक्स-टू एम्युलेटरवर लावून बघ (पीसीवर पीएस-टूचे गेम चालवणारा प्रोग्राम, त्याला तुझ्याच पीएस-टूचा बायोस काढून द्यावा लागतो), दहा बदलून मग बघितलंस तर कुठल्याने मोडलं ते कळणार नाही.

झालं की पूर्ण गेम कोणाला देऊ नकोस. एक्सडेल्टा म्हणून टूल आहे, ते मूळ आणि बदललेल्या फाइलमधला फक्त फरक काढतं, छोटी फाइल होते. ज्याच्याकडे स्वतःची डिस्क आहे तो आपल्या कॉपीवर ती लावेल, आणि त्याचा हॅश तुझ्या वहीतल्याशी जुळला तरच ती नीट लागेल, म्हणूनच वही म्हटलं.

आजीसाठी अक्षरं मोठी ठेव, जुन्या टीव्हीवर बारीक मात्रा पुसट होतात, शिरोरेषा दोन पिक्सेल जाड घे. पहिलं बटण झालं की स्क्रीनचा फोटो पाठव, पुढच्या अंकात छापू.