सेवा सोडली तर देवाला काय तोंड दाखवू?

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या वर्षा-दीड वर्षात हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की शेवटी लिहायलाच बसले. कोणी गणपती मंडळाचा कार्यकर्ता, कोणी दर रविवारी सत्संगात शंभर माणसांचा स्वयंपाक करणारी काकू, कोणी वृद्धाश्रमात जाणारे रिटायर्ड बँकवाले काका, आणि चर्चच्या युथ ग्रुपमध्ये लीडर असलेली मुलं-मुली तर चार-पाच तरी. थकलोय, झेपत नाहीये, पण सोडवत पण नाही, कारण हे पगाराचं काम नाही, देवाचं आहे, मग राजीनामा द्यायचा तरी कोणाकडे?

त्यातल्या एका युथ लीडर मुलीबद्दल लिहिते. तिची परवानगी घेतलीय, ओळखीच्या खुणा बदलल्यात. ग्रुपमधली सगळी मुलं तिला दीदी म्हणतात म्हणून मीही इथे दीदीच म्हणणार.

दीदी सव्वीस वर्षांची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आपल्या इंदूरात असतं तसंच. आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले ते इथलेच झाले. (कॅनडाचं मिशन इथे १८७७ साली आलं, ख्रिश्चन कॉलेज त्यांनीच काढलेलं, पण इंदूरात जुनी मराठी ख्रिस्ती घरं आहेत हे आपल्यातल्याच कितीतरी जणांना माहीत नसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं.) विजय नगरला एका कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी. शनिवारी संध्याकाळी युथ मीटिंग, रविवारी उपासनेआधी संडे स्कूल, मे महिन्यात मुलांचं बायबल शिबिर, दिवाळी झाली की नाताळच्या नाटुकलीची प्रॅक्टिस, मग कॅरोल राउंड, घरोघरी रात्री बारा-बारापर्यंत. हे सात वर्षं.

पहिल्या दिवशी आली ती खुर्चीच्या टोकावर बसली. झोप लागत नाही म्हणाली, शनिवार दुपारपासून पोटात गोळा येतो म्हणाली, आणि मग एकदम हळू आवाजात, "मॅडम, मी मुलांसमोर प्रार्थना करते, शब्द सगळे बरोबर येतात, पण आत काहीच हलत नाही. मी खोटी झालेय."

हे तिला झोपेपेक्षा जास्त लागलं होतं. मी तिला एवढंच सांगितलं की "बर्नआउट" हा आज ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला शब्द १९७४ साली न्यूयॉर्कच्या फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लिहिला तेव्हा तो मोठ्या पगाराच्या साहेबांबद्दल नव्हता, एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या लोकांबद्दल होता, तो स्वतःही त्यातलाच. जो जीव ओततो तोच असा आतून रिकामा होतो. ती थोडी मागे टेकून बसली.

तिला आतापर्यंत दोनच सल्ले मिळाले होते. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणत होत्या सोड ना यार, फुकटची हमाली कशाला. मंडळीतले वडीलधारे म्हणत होते, प्रार्थना कमी पडतेय बेटा. दोन्ही प्रेमानेच दिलेले, पण दोन्हीनंतर पुढे बोलायला जागाच राहत नव्हती. मी कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला मानणारी आहे, समोरच्याचं जग त्याच्याच शब्दांत समजून घ्यायचं, आपलं त्याच्यावर लादायचं नाही. रॉजर्स स्वतः तरुणपणी याच वाटेवर होता, १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी चीनला गेला होता, नंतर दोन वर्षं धर्मशास्त्र शिकला आणि मग इकडे वळला. त्यामुळे असेल, पण श्रद्धावान माणूस समोर आला की त्याची श्रद्धा बाजूला ठेवून काम करायचं मला कधी पटलं नाही. तिला बरं व्हायचं असेल तर तिच्या श्रद्धेच्या आत राहूनच.

म्हणून विचारलं, "हे काम तुला दिलं कोणी?"

"प्रभूने ओझं दिलं."

मला कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, आमच्यात असंच म्हणतात, एखाद्या लोकांसाठी मनात कळकळ येते, रात्री त्यांची आठवण येऊन प्रार्थना करावीशी वाटते, तर देवाने त्यांचं ओझं दिलं म्हणतात. किती सुंदर वापर आहे शब्दाचा! मी तो वहीत लिहून ठेवला. पुढे तोच कामाला आला.

तिसऱ्या-चौथ्या भेटीला माझं लक्ष तिच्या बॅगेकडे गेलं. दर वेळी तीच फुगलेली काळी सॅक, खांद्यावरून उतरवताना चेहरा आक्रसायचा. सहज म्हटलं, काय असतं गं एवढं यात, दाखवशील? तिने एकेक वस्तू टेबलावर मांडली. चार्ट पेपरची गुंडाळी, स्केच पेनचे दोन डबे, गिटारचा कॅपो, पार्ले-जीचे पुडे, बँडेज, सॅनिटरी पॅड, कोणाच्या तरी फिजिक्सच्या नोट्स ज्या ती ऑफिसात झेरॉक्स करून देणार होती, एका मुलाची दम्याची पंपवाली पिशवी, तो विसरतो म्हणून. मी प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारत गेले, "हे कोणाचं?" आणि ती उत्तर देत गेली, आधी हसत, मग हसणं कमी होत गेलं. टेबल भरलं. तिचं स्वतःचं म्हणावं असं एक पाण्याची बाटली आणि घराची किल्ली.

"अजून काही?"

तिचा हात आतल्या चेनपाशी गेला आणि तिथेच थांबला. मी काही बोलले नाही. दोन मिनिटं तरी गेली असतील, बाहेर भाजीवाला ओरडत होता ते अजून आठवतंय. मग तिने चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला, कडा मऊ पडलेल्या, खूप वेळा उघडून मिटलेला.

ग्रुपमधल्या दहावीतल्या मुलीची चिठ्ठी. झोपावं आणि परत उठूच नये असं वाटतं, असं लिहिलेलं. आणि खाली, दीदी प्रॉमिस कर कोणाला सांगणार नाहीस.

दीदीने प्रॉमिस केलं होतं. नऊ आठवडे झाले होते. नऊ आठवडे दीदी फोन उशाशी घेऊन, रिंग फुल ठेवून झोपत होती, रात्री दोनला उठून त्या मुलीचं लास्ट सीन बघत होती, ते दिसलं की मगच डोळा लागायचा. पोटातला गोळा शनिवारचा का, तर शनिवारी ती मुलगी मीटिंगला आली की नाही ते कळायचं. आणि प्रार्थनेत आत काही हलत का नव्हतं, कारण आत सगळी जागा या एका कागदाने व्यापली होती.

मी खरं सांगते, मीही तोवर तासच मोजत होते. शनिवार इतके तास, रविवार इतके, कुठे कमी करता येतील. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मला त्या टेबलापाशी जे उमगलं ते हे, की सात वर्षांच्या कामाने ती मोडली नव्हती, कोणालाही न सांगता एकटीने धरून ठेवलेल्या एका गोष्टीने मोडत होती. तेव्हापासून कोणीही सेवाभावी माणूस थकून आला की मी आधी विचारते, असं काय आहे जे फक्त तुम्हालाच माहीत आहे?

आता मी सहसा सल्ला देत नाही, पण जिवाचा प्रश्न असतो तिथे गप्प बसणं म्हणजे पद्धतीमागे लपणं. मी स्पष्ट म्हटलं, "हे आज संध्याकाळीच सांगायचं. पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही."

"पण माझा शब्द?"

"तिने तुझ्या हातात चिठ्ठी दिली ती कोणीतरी ऐकावं म्हणूनच ना? तुझ्यापर्यंत तिचा हात पोचलाय, पुढे पोचवायला तू एकटी पुरणार नाहीस."

काय बोलायचं ते आम्ही दोघींनी बसून ठरवलं. आधी मुलीलाच सांगायचं, तिच्या पाठीमागे नाही. मी प्रॉमिस करायला नको होतं, ते माझं चुकलं, तू मला फार हवी आहेस म्हणून हे मी एकटी सांभाळणार नाही, चल आपण मिळून आईला सांगू. त्या संध्याकाळी दीदी तिच्या घरी गेली. मुलगी खूप चिडली, दार आपटलं. आई आधी रडली आणि मग म्हणाली, मला वाटतच होतं काहीतरी. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, उपचार सुरू झाले. मुलगी पुढे दोन महिने दीदीशी बोलली नाही, युथलाही आली नाही, आणि हे दीदीला फार दुखलं, ते लपवून काय उपयोग. पण आईला सांगितलं त्या रात्री दीदी सलग सात तास झोपली.

नंतरच्या एका भेटीला ती आजीचं बायबल घेऊन आली, पुठ्ठा सुटलेलं, पानांत सुकलेली फुलं. गलतीकरांस पत्र, अध्याय सहा. म्हणाली, मॅडम हे मी शंभर वेळा वाचलंय, मुलांना शिकवलंय, पण बघा ना, दुसऱ्या वचनात लिहिलंय एकमेकांची ओझी वाहा आणि पाचव्यात लिहिलंय प्रत्येकाने आपापला भार वाहायचा. मधे दोनच वचनं. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, विचारलं तर ते म्हणाले मूळ ग्रीकमध्येही दोन वेगळे शब्द आहेत, एक चिरडून टाकणारं वजन आणि एक ज्याचं त्याने उचलायचं गाठोडं.

"मग?"

"मी सगळ्यांची गाठोडी उचलत होते. आणि जे खरं ओझं होतं ते एकमेकांनी वाहायचं, तर मी एकटीच वाहत होते. उलटंच केलं मी सगळं."

मी हे तिला कधीच सांगू शकले नसते. मला ते वचनच माहीत नव्हतं. पण तिच्याच भाषेत तिला शोधू दिलं याचं समाधान मला आजही आहे.

जे तुमच्यातले कोणी युथ लीडर असतील त्यांच्यासाठी, आम्ही नंतर जे ठरवलं ते सांगते. मुलगा किंवा मुलगी "कोणाला सांगू नका" म्हणून सुरुवात करेल तेव्हाच सांगायचं, की तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला मोठ्यांना सांगावंच लागेल, बाकी तुझं माझ्याजवळ राहील. मुलं तरीही सांगतात, माझा अनुभव आहे. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, चर्चची बदनामी होईल, घरातच मिटवू, असं चालत नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही फुकट, दोन्ही नंबर मीटिंगच्या खोलीत भिंतीवर लावा. एकट्या मुलाशी बोलायचं तर दार उघडं ठेवून, दुसरा लीडर नजरेच्या टप्प्यात असताना. रात्री नऊनंतर ग्रुपवर उत्तर द्यायचं नाही, पण तातडीचं असेल तर कोणाला फोन करायचा ते प्रत्येक मुलाला माहीत हवं, आणि तो नंबर दर महिन्याला वेगळ्या मोठ्या माणसाचा.

हे शेवटचं पाळकसाहेबांनीच सुचवलं. बायबलमधला मोशे, इस्राएली लोकांचा पुढारी, दिवसभर एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसला होता तेव्हा त्याच्या सासऱ्याने त्याला सांगितलं की तूही झिजशील आणि हे लोकही, दहा-दहांवर, पन्नास-पन्नासांवर माणसं नेम. निर्गमच्या अठराव्या अध्यायात आहे म्हणे. इतक्या जुन्या काळी एका सासऱ्याने जावयाचं केलेलं समुपदेशन, मला फार आवडलं. आणि चर्चमधल्या मोठ्यांना माझी कळकळीची विनंती, लीडर थकला म्हणाला तर त्याच्या विश्वासाची परीक्षा घेऊ नका, त्याला तीन महिने सुट्टी द्या, परत येताना जागा तीच राहील हे तोंडाने बोलून सांगा.

दीदीने सेवा सोडली नाही. संडे स्कूल दुसऱ्या एका काकूंकडे गेलं, शनिवार तिने ठेवलाय, महिन्यातून दोनदा. अधूनमधून अजून म्हणते "मीच करून टाकते ना", मग स्वतःच थांबते.

नाताळ झाल्यावर तिचा फोन आला होता. या वर्षी गिटार अकरावीतल्या मुलाने वाजवली, मधे कॉर्ड चुकत होता, ही मागे उभी राहून नुसती गात होती. अकरा वाजले, पोरं दमली, सुदामा नगरकडची दोन घरं राहून गेली. दर वर्षी ती एकटी जाऊन सॉरी म्हणून यायची. "या वेळी नाही गेले मॅडम," म्हणाली, "घरी येऊन मम्मीने केलेल्या करंज्या खाल्ल्या आणि झोपले."